एक दशांश मोल खडीसाखर

मांगपोला कशाचीच किळस वाटत नाही, असं सगळ्या बाजाराचं मत होतं आणि त्या मतात तशी चूक काही नव्हती. तिच्या आईचं प्लाराचं दुकान होतं. नदीतले मासे मिठात आणि भाजलेल्या तांदळाच्या भुकटीत कालवून रांजणात भरायचे आणि वर्षभर त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही, म्हणजे प्लारा होतो. झाकण काढलं की नवखा माणूस मागे सरतो. मांगपो बाही वर करून पुढे सरायची. वरच्या थरात अळ्या वळवळत असल्या तर बोटानं बाजूला करून गिऱ्हाइकाला सांगायची, "फवारा मारलेला नाही, मावशी. बघा, सगळ्या कशा मजेत आहेत."

तिला सोसत नसे ते एकच. दुसऱ्या माणसाचं तोंड. तोंड म्हणजे बोलणारं नव्हे, ओलं. कुणी बाटलीला ओठ लावून पाणी प्यायलं आणि ती बाटली तिच्यापुढे धरली, की तिच्या पोटात रांजणातला सर्वात खालचा मासा उलटा व्हायचा. हे तिनं आईकडूनच घेतलं होतं. घरात प्रत्येक वाडग्याला एक मधला चमचा असायचा. तो वाढण्यापुरता, कुणाच्या तोंडाला लागायचा नाही. एकदा मामानं चुकून तो चाटला, तर आईनं अख्खं कालवण बदकांना घातलं आणि मामाला वर्षभर केळीच्या पानावर वेगळं वाढलं. मामा बिचारा विधुर होता. घरात कुणाला दया आली नाही.

अशी ही मांगपो विद्यापीठात रसायनशास्त्राला गेली आणि पहिल्याच महिन्यात तिला कळलं, की विभागात एक समारंभ असतो.

समारंभाचं नाव 'गोडवा'. नव्या मुलांचा छळ करायला विद्यापीठाची बंदी होती, म्हणून छळाला असं नाव ठेवलेलं होतं. प्रयोगशाळेच्या इमारतीमागे शिरीषाचं भलंमोठं झाड होतं, तिथे दुपारी नव्या मुलांना तीन ओळींत मांडी घालून बसवलं. प्रत्येकाच्या गळ्यात ताटाएवढी पाटी, तिच्यावर नाव आणि कोड. मांगपोचा कोड शेवटचा. त्यामुळे ती शेवटच्या ओळीत शेवटची. तिच्या आधी बँक नावाचा मुलगा होता. बँकला सर्दी होती.

समोर उभा होता पी चात. वरच्या वर्गातल्या सगळ्यांना 'पी' म्हणायचं, खालच्यांनी 'नोंग' म्हणवून घ्यायचं. चात तिसऱ्या वर्षाचा, विभागाचा प्रमुख विद्यार्थी. आवाज असा, की पाण्याच्या टाकीत भोंगा लावलाय. त्याच्याशेजारी टेबलावर प्रयोगशाळेतला वजनकाटा आणि काट्यामागे पी मुक. ही मुक विभागात सर्वात हुशार होती, आणि तिचा चेहरा बघून ती झोपलीय की हिशेब करतेय हे कळत नसे.

"नियम पहिला," चात गरजला. "पी कधीही चुकत नाही. नियम दुसरा. पी चुकलाच, तर नियम पहिला वाचावा. कळलं?"

"कळलं," मुलं ओरडली.

"तिसरा नियम आजच्यापुरता. हा खडीसाखरेचा खडा आहे. पी मुकनं सकाळपासून फोडून फोडून तो बरोबर मापाचा केलाय. पी मुक, सांगा."

"चौतीस पूर्णांक दोन ग्रॅम," मुक म्हणाली. "साखरेचं रेणुवस्तुमान तीनशे बेचाळीस. भागा. एक दशांश मोल."

"एक दशांश मोल," चात म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. "हा विभागाचा गोडवा. हा प्रत्येकाच्या तोंडातून जाणार. पहिल्यानं चोखायचा, दुसऱ्याला द्यायचा. प्रत्येक ओळ संपली की वजन. किती ग्रॅम गेले, त्याचे किती मोल झाले, दहांत वाटून प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, की मी गोडव्यातले एवढे मोल घेतले. म्हणजे सगळे एका साखरेचे झाले. एक जरी नाही म्हणाला, तर सगळ्यांनी नव्या खड्यानं पहिल्यापासून सुरुवात."

ओळीत चुळबुळ झाली. चातनं हात वर केला.

"घाण वाटतं कुणाला? वाटू देऊ नका. हातानं नाही द्यायचं. आपण सुधारलेले लोक आहोत." त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेला एक स्टीलचा चमचा काढला आणि उन्हात धरला. "मधला चमचा आहे."

मांगपोनं त्या चमच्याकडे पाहिलं. दांड्याच्या मुळाशी पिवळट, काचेसारखा थर जमला होता. तिला आई आठवली. मग मामा आठवला. मामाबद्दल तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

"बँक," ती पुटपुटली, "तुला सर्दी आहे."

"आहे ना," बँक म्हणाला. "पण मी नाकानं थोडाच घेणार आहे."

"आणि ओठाला काय झालंय तुझ्या?"

"फोड. डावीकडे आहे. तुझ्यासाठी मी उजवीकडे धरीन." बँक मनानं फार चांगला मुलगा होता. त्यामुळे त्याला नाही म्हणणं आणखीच कठीण झालं.

तिनं हिशेब केला. नाही म्हटलं, तर एकोणतीस जण दुसऱ्यांदा हे चोखणार आणि चार वर्षं तिच्याकडे बघणार. हो म्हटलं, तर एकोणतीस तोंडं तिच्या तोंडात. यातून तिसरी वाट दिसेना. ती मांडी घालून बसून राहिली आणि खडा निघाला.

पहिली ओळ प्रामाणिक निघाली. पहिला मुलगा तर डोळे मिटून चोखत होता; त्याच्यासाठी ती नुसती खडीसाखर होती. दुसरीनं जरा तोंड वाकडं केलं. पाचव्यापर्यंत खड्याचे कोपरे गेले आणि तो गुळगुळीत, कुणीतरी रात्री पाण्यात काढून ठेवलेल्या दातासारखा दिसू लागला. दहाव्या मुलीनं चमचा परत दिला, तेव्हा तिनं तो हातभर लांब धरला होता.

मुकनं चमचा काट्यावर ठेवला. चमच्याचं स्वतःचं वजन तिनं आधीच वजा करून ठेवलं होतं.

"सत्तावीस पूर्णांक छत्तीस. गेले सहा पूर्णांक चौऱ्याऐंशी. भागिले तीनशे बेचाळीस, शून्य पूर्णांक दोन शतांश मोल. माणशी दोन सहस्रांश."

"मी विभागाच्या गोडव्यातले दोन सहस्रांश मोल घेतले," दहा जण ओरडले. दोघीजणी रडत होत्या. चातला वाटलं, भरून आलंय.

दुसऱ्या ओळीनं मात्र पहिल्या ओळीचं बघितलं होतं. चोखायला कुणी तयार नाही. बिअर नावाच्या दांडग्या मुलानं खडा जिभेवर ठेवला, गाल ओढले, डोळे पांढरे केले आणि तस्साच चमच्यात सोडला. पण असं करताना माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नसतं. ते खड्यासोबत चमच्यात आलं. पुढच्या मुलीनं तेच केलं. मग पुढच्यानं. चमचा पुढे सरकत होता तसा खड्याभोवती एक छोटं तळं साचत होतं, आणि लोक ते सांडू नये म्हणून फार जपून हात बदलत होते. का जपत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तळ्याच्या कडेला फेसाचा एक बुडबुडा होता. तो शेवटपर्यंत फुटला नाही. मांगपोचं लक्ष त्याच्यावरून हटेना.

मुकनं चमचा ठेवला. काट्याकडे पाहिलं. काट्यावर बोटानं टिचकी मारली. पुन्हा पाहिलं.

"बोला, पी मुक," चात म्हणाला.

"एकोणतीस पूर्णांक शून्य सात."

"म्हणजे किती गेले?"

"गेले नाहीत. आले. एक पूर्णांक एकाहत्तर ग्रॅम आले."

झाडावर एक साळुंकी ओरडली. चातनं जबडा आवळला. "मोल करा."

"वजा पाच सहस्रांश. माणशी वजा अर्धा सहस्रांश."

"नोंग, ओरडा."

दुसऱ्या ओळीनं एकमेकांकडे पाहिलं. "मी विभागाच्या गोडव्यातले," बिअरनं सुरुवात केली, "वजा अर्धा सहस्रांश मोल घेतले." बाकीच्यांनी त्याची री ओढली. विभागाच्या इतिहासात गोडवा घेण्याऐवजी त्यात भर घालणारी ही पहिलीच ओळ. त्यांच्या चेहऱ्यांवर नकळत थोडा अभिमान आला.

चमचा तिसऱ्या ओळीकडे वळला, आणि मांगपोचा हात वर गेला. तिनं तो वर करायचं ठरवलं नव्हतं. हातानं स्वतःच ठरवलं.

"नाव, कोड," चात ओरडला.

"नोंग मांगपो, कोड तीस. एक शंका आहे, पी."

"विचार."

"चमच्यात आत्ता जे आहे, ती सगळी साखरच आहे ना?"

चातनं चमच्याकडे पाहिलं. तळं उन्हात चमकत होतं. "साखरच आहे. विभागाची आहे."

"मग दुसऱ्या ओळीनं पाच सहस्रांश मोल साखर घातली. ती त्यांनी आणली कुठून?"

"प्रेमातून," तो म्हणाला.

दुसऱ्या ओळीत कुणीतरी खोकलं.

"छेद चुकलाय," काट्यामागून मुक म्हणाली. ती चातला नाही, काट्याला म्हणाली. "वाढलेलं वजन तीनशे बेचाळिसानं भागून चालणार नाही. ती साखर नाही. लाळ आहे. लाळ म्हणजे नव्याण्णव टक्के पाणी. अठरानं भागा. पंचाण्णव सहस्रांश मोल."

"म्हणजे जवळजवळ एक दशांश मोल थुंकी," चातच्या मागे उभा असलेला दुसरा एक पी हिशेब करत म्हणाला. "आपण एक दशांश मोल साखर दिली आणि एक दशांश मोल थुंकी झाली. काय जमलंय."

"एवढीच नाही रे," तिसरा पी म्हणाला. "यांनी साखर गिळलीही असणार थोडी. तेवढी जागासुद्धा थुंकीनं भरलीय. आणि पहिल्या ओळीचंही उत्तर चुकलं."

"मग लाळेतली विकरं? त्यांचं रेणुवस्तुमान पन्नास हजारांच्या पुढं जातं."

"म्हणून तर त्यांचे मोल नगण्य होतात, गाढवा."

बघता बघता सगळे पी काट्याभोवती जमले. कुणी मोबाइल काढला, कुणी टेबलावर पेन्सिलीनं भागाकार मांडला. लाळ शुद्ध पाणी धरायची की खारट द्रावण, यावर दोन तट पडले. एकानं तर लाळेची घनता मोजायला पिपेट आणायची तयारी दाखवली. थुंकी कुणाच्या तोंडात घालायची नसते, हा मुद्दा मात्र एकाच्याही डोक्यात आला नाही. मांगपो ते ऐकत होती आणि तिला वाटत होतं, घाण चमच्यात कमी आहे.

एवढ्यात लाल मुंग्या आल्या. झाडावरून टेबलाच्या पायावर, पायावरून चमच्यावर. दोघी-चौघी तळ्यात पडल्या आणि हातपाय मारू लागल्या. काट्यावरचे आकडे हलले.

"आता मुंग्याही आल्या," मुक म्हणाली. "त्यांना कशानं भागू?"

मांगपोला मुंग्यांचं काही वाटलं नाही. नुसत्या मुंग्या असत्या तर तिनं चमचा मागून घेतला असता. घरी त्यांच्या अंड्यांचं कालवण व्हायचं. मुंग्यांनाच तिला सांगावंसं वाटलं, की बायांनो, तुम्ही कशात पडलात बघा.

चातनं टेबलावर हात आपटला. "पुरे. तिसरी ओळ राहिलीय. नोंग कोड एकवीस, चमचा घे."

"पी," मांगपो म्हणाली, "नियम पहिला असा आहे, की पी चुकत नाही."

"हो."

"पी म्हणाले, सगळी साखर आहे. पी मुक म्हणाल्या, थुंकी आहे. दोघंही पी आहेत. आता आम्ही कुणाचं खरं धरायचं? चाखून सांगितलंत तर आमचा हिशेब बरोबर येईल."

चातनं मांगपोकडे पाहिलं. रागानं नाही. चक्क दयेनं पाहिलं.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "अरे, तुम्ही उगाच घाबरता. माझ्या वर्षी मीही घेतला होता. अजून चव आठवते. गोड होता. नुसता गोड."

"तुमचा कोड काय होता, पी?" बँकनं नाक ओढत विचारलं.

"एक," चात म्हणाला.

त्याच्याबरोबरच्या सगळ्या पींनी खाली मान घातली. दोन वर्षं त्यांना हे माहीत होतं आणि दोन वर्षं कुणी बोललं नव्हतं. ज्या माणसानं हा समारंभ जिवापाड जपला होता, त्याला खडा कोरडा मिळाला होता.

चातनं चमचा उचलला आणि सगळाच्या सगळा तोंडात रिकामा केला. खडा, तळं, बुडबुडा, मुंग्या. छाती पुढे काढून तो उभा राहिला. एकदा त्यानं गाल हलवला. मग हलवायचा थांबला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू असं काहीतरी उगवलं, जे मांगपोनं गोठ्यातल्या म्हशीला सुई टोचताना पाहिलं होतं. थुंकावं तर नियम मोडतो. नोंगांपुढे पी थुंकत नाही. तो तसाच उभा राहिला, मग डोळे मिटून त्यानं खडा कडकड चावला आणि सगळं गिळलं.

"गोड," तो म्हणाला. आवाज टाकीतून येत नव्हता. "गोड आहे. तिसऱ्या ओळीच्या वतीनं मी घेतला. मुक, मोल कर."

मुकनं रिकामा चमचा ठेवला. "एकोणतीस पूर्णांक शून्य सात गेले. मुंग्या सोडून. सगळी साखर धरली तर पंच्याऐंशी सहस्रांश मोल. माणशी साडेआठ."

"मी विभागाच्या गोडव्यातले साडेआठ सहस्रांश मोल घेतले," मांगपो सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. एकही रेणू न चाखता तिच्या ओळीचा आकडा सगळ्या विभागात सर्वात मोठा आला होता. चात झाडामागे गेला. तिथून जे आवाज आले, ते मुलांनी टाळ्यांत बुडवले.

पुढच्या आठवड्यात चातनं तिला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. तो वाळला होता.

"नोंग मांगपो, तू बोललीस ते बरोबर होतं. आपल्या पद्धतीत फार मोठा दोष आहे."

मांगपोला बरं वाटलं. "मी हेच म्हणत होते, पी."

"आम्ही बैठक घेतली. पुढच्या वर्षीपासून खडा तोलायच्या आधी ओव्हनमध्ये वाळवायचा. म्हणजे पाणी उडून जाईल. उरेल ती साखर. छेद तोच राहील."

"आणि तोंडं?"

"तोंडं तीच. तोंडांत काय दोष आहे?" चातनं मुकला खूण केली. "वाळवायचं काम तुझ्याकडे. चमचाही आजपासून तुझ्याकडे. मान आहे हा."

मुकनं रुमालातला चमचा पुढे केला. "धुवायचा नाही," ती म्हणाली. "पहिल्या तुकडीपासून कुणी धुतलेला नाही. कँटीनमधल्या याच्याच जोडीच्या चमच्यापेक्षा हा एक तृतीयांश ग्रॅम जड भरतो. वाळलेला थर. एक सहस्रांश मोल." मग तिनं प्रामाणिकपणे जोडलं, "साखर धरली तर."

मांगपोनं दोन बोटांनी तो घेतला, तीन पिशव्यांत घातला, तोंडाला रबर लावलं आणि सामानाच्या तळाशी दाबला. नंतर हात साबणानं धुतले, मग अल्कोहोलनं, मग पुन्हा साबणानं. सुट्टीला घरी गेली तेव्हा ती पिशवी उपसायची तिची हिंमत झाली नाही. सामान तसंच कोपऱ्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं तिच्यासाठी कच्च्या पपईचं सोमतम कुटलं. वर रांजणातला ताजा प्लारा पळीभर. मांगपोनं चिकट भाताचा गोळा बुडवून बुडवून खाल्ला. महिनाभर कँटीनचं अन्न गिळून तिला हे स्वच्छ, कुजलेलं, आपल्या घरचं अन्न मिळालं होतं. तिनं ताट पुसून घेतलं.

"आई, या वेळचा प्लारा झकास झालाय. जरासा गोडसर लागतो."

"गिऱ्हाइकंही सकाळपासून तेच म्हणतायत," आई म्हणाली. "रांजण ढवळायचा मधला चमचा तुटला होता. तुझ्या पिशवीत जाडजूड सापडला. असा काय बाई चिकट ठेवायचा चमचा? मी रांजणातच खसखसून घोळला. मिठानं कसा लख्ख निघाला बघ."

रांजणाच्या कडेला तो टांगलेला होता. दांड्याच्या मुळाशी थराचा मागमूस नव्हता.

मांगपो भिंतीला टेकून बसली आणि तिनं मनातल्या मनात मांडलं. एक सहस्रांश मोल. म्हणजे सहावर वीस शून्यं इतके रेणू, साखर धरली तर. रांजण चाळीस लिटरचा. पळी दहा मिलिलिटरची. चार हजारानं भागायचं. पंधरावर सोळा शून्यं उरली. तिनं पळीभर सोडून चमचाभर धरलं, चमचाभर सोडून थेंबभर धरलं, एक थेंबही दहा हजारांत वाटला. भागून भागून ग्रॅम कधीच संपले होते. रेणू मात्र अजून अब्जांत होते.

"आणखी वाढू?" आईनं मधला चमचा उचलला.